न केलेल्या कर्माचे फळ

सप्टेंबर महिन्याच्या सोळा आणि सतरा या दोन तारखा आमच्या बिलोलीच्या शाळांतून पाठोपाठ साजऱ्या होतात. पहिली, १९८७ साली माँट्रियल येथे झालेल्या कराराच्या स्मरणार्थ जगभर पाळल्या जाणाऱ्या ओझोन दिनाची. दुसरी, १९४८ साली निजामी अंमल संपून हा मुलूख मोकळा झाला त्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. आदल्या दिवशी रंगीत खडूंनी काढलेली, पृथ्वीच्या डोक्यावर निळी छत्री धरणारी ओझोनची आकृती दुसऱ्या दिवशी पहाटे पुसून तिच्या जागी तिरंगा आणि हुतात्म्यांची नावे लिहिली जातात. पण फडके कितीही फिरवले तरी त्या छत्रीची निळसर छाया फळ्यावर उरतेच, आणि हुतात्म्यांची नावे तिच्यावरच उमटतात. काही वर्षांपूर्वी, मी नोकरीतून निवृत्त होण्याच्या बेतात असताना, अशाच एका ओझोन दिनी भाषण आटोपून खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, ओझोन आपल्याला वाचवतो म्हणता, मग मुंबई-पुण्याची हवा ओझोननं बिघडली असं पेपरात कसं काय आलं?” मी पाठ्यपुस्तकाला धरून सांगितले की, जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर जो ओझोन आहे तो सूर्याचे अतिनील किरण अडवितो म्हणून तारक, आणि जो आपल्या नाकाशी आहे तो फुप्फुसांना आतून भाजतो म्हणून मारक. मुलीचे समाधान झाले आणि ती खाली बसली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. आणि जसजसा मी त्याच्या मागे गेलो, तसतसे मला दिसू लागले की, यातले रसायनशास्त्र जेथे संपते तेथे आपल्या धर्मविचारातला एक फार जुना आणि अजून न मिटलेला तंटा सुरू होतो.

एकच द्रव्य एका स्थळी अमृत आणि दुसऱ्या स्थळी विष व्हावे, यात आपल्या परंपरेला धक्का बसण्यासारखे काही नाही. दानाचे पुण्यसुद्धा देश, काल आणि पात्र पाहून ठरते असे गीतेनेच म्हटले आहे. प्राणवायूचे दोन परमाणू एकत्र नांदतात तोवर त्यांच्यावर आपला जीव चालतो. तिसरा येऊन त्यांना चिकटला की तोच ओझोन होतो. १८४० साली स्वित्झर्लंडातील बाझेल येथे शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला विजेच्या प्रयोगांत येणाऱ्या एका उग्र वासावरून त्याचा सुगावा लागला, आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याने त्याचे नाव ठेविले. हे प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या वैशेषिकांची आठवण झाली. गंध हा केवळ पृथ्वीचा गुण, वायूला रूप नाही, रस नाही, गंध नाही, आहे तो फक्त स्पर्श, आणि वाऱ्यावर जो सुवास वा दुर्गंध येतो तो त्याने वाहून आणलेल्या पार्थिव कणांचा, असे त्यांनी मोठ्या बारकाईने ठरविले होते. प्राचीनांनी तर वायूचे प्रत्यक्षच नाकारून स्पर्शावरून त्याचे अनुमान तेवढे करावे असा निर्णय दिला, आणि त्वचेने त्याचे प्रत्यक्ष होते हे म्हणावयाला नव्य नैयायिक यावे लागले. ज्यात मातीचा एक कणही नाही, जो निव्वळ हवेचा हवेतच घडलेला आहे, अशा या पदार्थाला स्वतःचा वास असावा हे ऐकून वैशेषिक दर्शनाचे प्रणेते कणाद मुनी रागावले नसते. आपल्या पदार्थांच्या यादीकडे ते पुन्हा एकदा शांतपणे वळले असते, असे मला खात्रीने वाटते.

परंतु शहराच्या हवेत तो ज्या प्रमाणात असतो त्या प्रमाणात त्याचा वास आपल्याला सहसा जाणवत नाही, आणि डोळ्यांना तर तो दिसतच नाही. वस्तू असूनही ती का दिसत नाही याची आठ कारणे सांख्यकारिकेने मोजली आहेत. त्यांतली तीन, म्हणजे अतिसामीप्य, सूक्ष्मता आणि सारख्याच पदार्थात मिसळून जाणे, या वायूसाठीच लिहून ठेवली असावी इतकी त्याला लागू पडतात. धूळ दिसते, धूर दिसतो, कोळशाची काजळी खिडकीच्या गजांवर बोटाला लागते; ओझोन मात्र हवेत हवेसारखाच राहतो.

आणि तो कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, ही त्याच्यातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट. अमेरिकेत लॉस एंजलिस शहरावर १९४३ च्या सुमारास डोळे झोंबविणारे धुके दाटू लागले, तेव्हा लोक कारखान्यांची धुराडी शोधीत फिरले. पुढे १९५० च्या आसपास हागेन-स्मिट या मूळच्या डच संशोधकाने, जो तोपर्यंत अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करण्यात गढलेला होता, असे दाखवून दिले की हे विष कोणी सोडलेले नसून उन्हात शिजलेले आहे. मोटारींच्या, वीजकेंद्रांच्या आणि भट्ट्यांच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून त्याची ऑक्साइडे होतात. पेट्रोल, रंग, विलायके आणि अर्धवट जळलेले सरपण यांतून कर्बाची बाष्परूप संयुगे निघतात. या दोहोंवर ऊन पडले म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडमधून प्राणवायूचा एक परमाणू सुटतो आणि शेजारच्या प्राणवायूला जाऊन चिकटतो. आमच्या शिवारातल्या पळसासारखी झाडेसुद्धा आपल्या पानांतून आयसोप्रीन नावाचे असेच एक संयुग सोडतात आणि नकळत या पाकात हातभार लावतात. सूर्य हा या कर्माचा साक्षी मानावा तर तो निव्वळ साक्षी राहत नाही, कर्त्यांच्या पंगतीला येऊन बसतो.

पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने शहरांच्या हवेचे मोजमाप आणि भाकीत करण्यासाठी ‘सफर’ ही व्यवस्था उभी केली. २०१० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ती दिल्लीत सुरू झाली, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. कुलाबा, वरळी, चेंबूर, भांडुप, शिवाजीनगर, हडपसर, कात्रज अशा ठिकाणी बसविलेली तिची यंत्रे अहोरात्र हवा ओढून तिची नोंद ठेवितात. ओझोनची दिनचर्या अशी की, सकाळी ऊन चढू लागले की तो चढू लागतो, दुपारी एक ते चारच्या दरम्यान शिगेला पोहोचतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. पावसाळ्यात ढगांखाली तो दबलेला असतो आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत माजतो. आपल्या देशाने २००९ साली त्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम अशी ठरविली. मुंबईला दुपारचा खारा वारा पुष्कळ वाचवितो, हे खरे. परंतु रात्रीचा मतलई वारा शहराची जी घाण समुद्रावर लोटतो तिच्यातला काही भाग दुसऱ्या दिवशी खारा वाराच परत घेऊन येतो, आणि जे सागराला अर्पण झाले असे वाटले होते ते पुन्हा दारात उभे राहते.

यातली जी गोष्ट मला या लेखाकडे घेऊन आली ती पुढेच आहे. मोटारीच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोनचा भक्षक आहे. म्हणून जेथे गाड्यांची गर्दी सर्वांत दाट, त्या चौकात ओझोन पुष्कळदा कमी सापडतो, आणि तोच धूर वाऱ्याबरोबर शहराबाहेर पडून, पातळ होऊन, उन्हात काही तास हिंडला म्हणजे वाऱ्याच्या वाटेवरील खेड्यापाड्यांत, माळांवर आणि पिकांवर तो अधिक सापडतो. ज्याने केले त्याच्या दारात थोडे. ज्याने केले नाही त्याच्या शेतात जास्त.

हे मी ऐकीव म्हणून सोडून देऊ शकलो असतो. पण सगळी हयात मुलांना “करून बघा” म्हणण्यात गेलेल्या माणसाला ते जमत नाही. एका वैशाखात, सुट्टीत गावीच असलेल्या चार मुलांना गोळा करून, आम्ही शोनबाइनचीच जुनी युक्ती केली. मक्याच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, तीत पोटॅशियम आयोडाइड विरघळवायचे, गाळणकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या तीत बुडवून अंधाऱ्या खोलीत वाळवायच्या, मग आठ तास सावलीत टांगून ठेवून शेवटी स्वच्छ पाण्यात भिजवायच्या. ओझोन लागला असेल तर पट्टी जांभळी पडते. एक पट्टी मांजरा नदीच्या पात्रातून रेती भरून येणाऱ्या टिप्परांच्या रस्त्याकडेला, एक शाळेच्या खिडकीत आणि एक माझ्या शेतातल्या लिंबाच्या फांदीला, अशा तीन पट्ट्या आम्ही टांगल्या. संध्याकाळी त्या एका थाळीत शेजारी शेजारी भिजवल्या, तेव्हा चारही मुलांची डोकी थाळीवर इतकी वाकली होती की मला काही दिसेना. रस्त्याकडची पट्टी राखी झाली होती, तिच्या कडेला तेवढी जांभळ्याची एक पुसट रेघ होती. लिंबाची पट्टी पिकल्या जांभळाच्या सालीसारखी सबंध रंगली होती. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ही कसोटी पुराव्याच्या कामाची नाही. नायट्रोजन डायऑक्साइडनेही ती पट्टी रंगते, हवेतल्या ओलीने रंग मागेपुढे होतो, आणि असा पंचनामा कोणत्याही मुनसफापुढे टिकणार नाही. तरी पुढचे पंधरा दिवस आम्ही ती नोंद वहीत ठेविली. तारीख, ठिकाण आणि रंग असे तीन रकाने मी आखून दिले होते. एका मुलाने पट्टीने रेघ मारून चौथा रकाना पाडला आणि त्याच्या डोक्यावर लिहिले, “कोणामुळे”. तो रकाना भरावा कसा हे त्याने मला विचारले, आणि मला सांगता आले नाही.

आमचा तालुका हद्दींच्या बाबतीत फार जागरूक आहे. मांजरेच्या पलीकडे तेलंगण लागते. येसगीच्या पुलावरून माणूस दुसऱ्या राज्यात जातो आणि दोन्ही तीरांवर मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू सारख्याच सहजतेने बोलली जाते. पण बांध एक हात सरकला तर त्याची कैफियत तहसील कचेरीपर्यंत जाते, आणि मोजणी, फेरफार, सातबारा यांच्या दफ्तरात प्रत्येक गुंठ्याला मालक आहे. वाऱ्याला असे दफ्तर नाही. पश्चिमेकडे परळीचे औष्णिक वीजकेंद्र, पूर्वेला रामगुंडमचे, दक्षिणेला हैदराबादची अफाट रहदारी, जवळ निजामाबाद, आणि दारातून जाणारे आमचेच टिप्पर, आमच्याच चुली, आमच्याच बांधावर पेटविलेली धसकटे. लिंबाच्या फांदीवरील पट्टी रंगविणाऱ्या परमाणूंवर यांपैकी कोणाचाही शिक्का नसतो. आणि ज्या विजेवर माझा पंखा फिरतो ती परळीची नाही असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता मूळ तंट्याकडे येतो. आपल्या दर्शनकारांनी कर्माचा सिद्धांत का स्वीकारला, हे आपण पुष्कळदा विसरतो. दोन दोष टाळण्यासाठी तो स्वीकारला गेला. केलेल्याचा नाश होणे, हा पहिला. आणि न केलेल्याची प्राप्ती होणे, हा दुसरा. या दुसऱ्या दोषाला शास्त्रात ‘अकृताभ्यागम’ असे नाव आहे, आणि न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस प्रतिपक्षाला हाच दोष दाखवून गप्प केले आहे. ज्याने जे केले नाही ते त्याच्या पदरी पडत असेल तर जग अन्यायाचे ठरते, आणि ईश्वर मानणाऱ्याच्या दृष्टीने ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरतो. तसे होऊ नये म्हणूनच शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात जगातील विषमता जीवांच्या कर्मांवर सोपविली. म्हणजे अकृताभ्यागम ही अशी एक गोष्ट, की जिला आमच्या परंपरेतील जवळजवळ सर्व पक्षांनी, एरवी परस्परांशी कडाक्याचे वाद घालीत असताना, एकमुखाने अशक्य ठरविले होते. ती रोज दुपारी एक ते चारच्या दरम्यान आमच्या शिवारात घडते.

ती किती मोठ्या प्रमाणावर घडते याचा एक हिशेब उपलब्ध आहे. पुण्याच्या त्याच मौसमविज्ञान संस्थेतील सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ या एका वर्षात जमिनीलगतच्या ओझोनमुळे देशात गहू, तांदूळ, सोयाबीन आणि कापूस या पिकांचे मिळून सुमारे साठ लाख टन उत्पन्न बुडाले, आणि त्यातले धान्य सुमारे ९ कोटी ४० लाख माणसांना पुरले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओझोन पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि हरितद्रव्याचे काम मंदावतो. पान वेळेआधी पिवळे पडते, दाणा भरत नाही, बोंड लहान राहते. सोयाबीन आणि कापूस ही तर आमच्या मराठवाड्याची पोटापाण्याची पिके. रोग पडला तर शेतकऱ्याला दिसतो, टोळधाड आली तर दिसते, गारपीट झाली तर तलाठी येऊन पंचनामा करतो. या चोरीचा पंचनामा नाही, कारण पिकाला काय झाले हे खुद्द धन्यालाही कळत नाही. “औंदा उतारा कमी पडला” एवढेच तो म्हणतो, आणि दोष बियाण्याला, पावसाला किंवा स्वतःच्या नशिबाला देतो.

नशीब हा शब्द आला की मला थांबावे लागते, कारण कर्मसिद्धांताची सर्वांत निंद्य वहिवाट येथेच सुरू होते. ज्याच्या वाट्याला दुःख आले त्याने ते मागल्या जन्मी मिळविले असले पाहिजे, या उत्तराने सिद्धांत निर्दोष राहतो आणि माणूस दोषी ठरतो. शतकानुशतके गावकुसाबाहेरच्या माणसाला हेच उत्तर दिले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात कर्माचा नियम ठेविला, पण मागल्या जन्माच्या शिदोरीचे ते ओझे त्यातून काढून टाकिले, आणि कर्म म्हणजे या जगातील नैतिक व्यवस्था, असा त्याचा अर्थ लाविला. ते वाचून कित्येक वर्षे झाली. तेव्हा मला तो केवळ सामाजिक न्यायाचा मुद्दा वाटला होता. आज मला वाटते की तो तर्काचाही मुद्दा आहे. पूर्वजन्माचे पान उघडून ज्याचे उत्तर द्यावे लागते त्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच नसते. आणि या प्रकरणी तर पूर्वजन्मापर्यंत जाण्याचे कारणच नाही, कारण जे घडले ते याच सकाळी, याच उन्हात, मोजता येईल अशा रीतीने घडले आहे. आमच्या शेतात राबणाऱ्या एखाद्या बाईच्या खोकल्याचे कारण तिच्या मागल्या जन्मात शोधणारा माणूस वस्तुतः स्वतःच्या मोटारीकडे पाठ फिरवून उभा आहे.

मग कर्माचा विचारच टाकून द्यावा काय? कित्येक शहाणी माणसे तसे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पहिला दोष, केलेल्याचा नाश, आपल्याला अजूनही नको आहे. सोडलेला धूर नाहीसा होत नाही, ही गोष्ट कर्मवादच आपल्याला शिकवीत आला. छांदोग्य उपनिषदात गाडीखाली बसून अंगाची खरूज खाजविणारा रैक्व राजा जानश्रुतीला संवर्गविद्या सांगतो. अग्नी विझला की वायूत जातो, सूर्य-चंद्र मावळले की वायूत जातात, पाणी आटले की वायूत जाते, असा वायू हा सर्वांना गिळून घेणारा आहे, हा तिचा आशय. हे वाचून आपण एक सोयीचा अर्थ काढून बसलो की, वायूत गेले ते मिटले. रैक्वाने तसे म्हटलेले नाही. गिळणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे, हे ज्याच्या पोटात कधी दुखले आहे त्याला सांगावे लागत नाही. मीमांसकांची ‘अपूर्वा’ची कल्पना येथे अधिक जवळची वाटते. यज्ञ आज संपतो, फळ पुष्कळ काळाने मिळते, आणि मधल्या काळात त्या कर्माची जी अदृष्ट शक्ती टिकून राहते तिला त्यांनी अपूर्व म्हटले. सकाळच्या धुरातून दुपारच्या उन्हात, पन्नास कोसांवर, जे फळ पिकते त्याच्या मधल्या अवस्थेला याहून चांगले नाव मला सापडलेले नाही. फरक एवढाच, आणि तोच मोठा, की मीमांसकांचे अपूर्व यजमानाकडे परत येते. हे दुसऱ्याच्या घरी जाते.

येथे आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. चूक कळली की ती अर्धी सुधारली तरी फळ अर्धे होईल, अशी आपली साधी समजूत असते. ओझोन ती समजूत मोडतो. दाट शहराच्या मध्यभागी केवळ नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली आणि कर्बाची बाष्पे तशीच राहू दिली, तर ओझोनला खाणारा कमी होतो आणि ओझोन वाढू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, हवेतली ऑक्साइडे झपाट्याने उतरली, तरी जगातल्या अनेक शहरांत ओझोन त्या प्रमाणात उतरला नाही, काही ठिकाणी तर वाढला. कर्माची गती गहन आहे असे आपण जे सहज बोलून जातो त्याचा इतका नेमका दाखला मी दुसरा पाहिलेला नाही. अर्धे प्रायश्चित्त कधी कधी पाप वाढविते. म्हणून चांगुलपणाला ज्ञानाची जोड लागते, आणि ज्ञानाला मोजणीची. पाषाणातून ‘सफर’ची ती यंत्रे चालविणारी माणसे माझ्या दृष्टीने एका अर्थी धर्मशास्त्राचेच काम करीत आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातील इतर शहरांबरोबर आमच्या शेजारच्या लातूरचेही नाव आले. परंतु त्या कार्यक्रमाचे लक्ष्य मुख्यतः धुळीच्या कणांचे आहे, ओझोनचे नाही. धूळ दिसते म्हणून तिच्यावर खर्च होतो, हे मी समजू शकतो. मान्य मात्र करीत नाही.

या सगळ्यात कर्त्याचे नाव ठरत नसताना कर्तव्य कसे ठरवावयाचे, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर मला दर्शनग्रंथांत न सापडता स्वयंपाकघरात सापडले. गृहस्थाच्या घरी पाच हत्यास्थाने असतात असे स्मृतींत सांगितले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना ‘पंचसूना’ म्हणतात. चुलीत किडे जळतात, जात्यात चिरडतात, झाडताना मरतात, कांडताना मरतात, घड्याखाली दबतात. कोणी मारावयाला जात नाही, किती मेले ते कोणी मोजत नाही, कोणते कोणाच्या हातून मेले हे कोणी सांगू शकत नाही. तरीसुद्धा जगण्याच्या ओघात ही हानी होते एवढे मान्य करून गृहस्थावर रोजचे पाच यज्ञ लावून दिले आहेत, आणि त्यांत भूतयज्ञ, म्हणजे इतर प्राण्यांना दिलेला घास, आणि नृयज्ञ, म्हणजे दुसऱ्या माणसाला दिलेले अन्न, हे दोन आहेत. हे वचन मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येते. त्या ग्रंथातील ज्या वचनांनी माणसाला माणसाच्या पायाखाली ठेविले त्यांच्यासाठी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळला गेला ते उचितच झाले, असे मी मानतो. आणि तसे मानूनही पंचसूनेची ही एक कल्पना मी त्या राखेतून उचलून घेतो, कारण ती मनूची म्हणून मला प्रिय नाही, माझ्या आईची म्हणून आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळणाऱ्या चुलीपुढे बसून, फुंकणीने फुंकून लाल झालेल्या डोळ्यांनी, पहिली भाकरी ती गाईसाठी बाजूला काढीत असे, आणि का म्हणून विचारले तर म्हणे, “चूल पेटली की कुणाचं तरी काहीतरी जळतंच, बाबा.” तिला स्मृती माहीत नव्हती, आणि त्या धुराचे पुढे उन्हात काय होते हेही माहीत नव्हते.

पंचसूनेतली जबाबदारी गुन्ह्याच्या पुराव्यावर उभी नाही, घर चालविण्यावर उभी आहे; म्हणून तिला “कोणामुळे” हा रकाना भरावा लागत नाही. परंतु ती सर्वांवर सारखीही नाही, आणि हे ठासून सांगितले पाहिजे, नाहीतर “आपण सगळेच दोषी” या वाक्याखाली मोठे दोषी सुखाने लपतात. ज्याचे घर मोठे, ज्याच्या चुली पुष्कळ, त्याचा यज्ञ मोठा. वीजकेंद्राचा धूर आणि माझ्या आईच्या चुलीचा धूर एका तागडीत घालता येत नाही. काही पंथांचे जैन मुनी वायुकायिक जीवांना आपल्या श्वासाची इजा होऊ नये म्हणून तोंडावर मुखपट्टी बांधतात. नांदेडला हजूर साहिबच्या दरबारात ज्या जपजी साहिबाचा पाठ होतो त्याच्या अखेरच्या श्लोकात गुरू नानकांनी वाऱ्याला गुरूचे स्थान दिले आहे. गुरूच्या तोंडावर धूर सोडून मग त्याच्या समोर हात जोडणे शिष्याला शोभत नाही, आणि जो शिष्य जितका समर्थ तितकी त्याची लाज मोठी असावी.

मी समर्थ नाही. तरी पाच एकर जमिनीचा खातेदार आहे, घरात एक स्कूटर आहे, आणि दरवर्षी वैशाखात माझ्या शेतात तुरीची धसकटे वेचून पेटविली जात होती. ती वेचावयाला ज्या बाया येत त्या सकाळी नऊला येऊन सहाला जात, म्हणजे ओझोनचा जो माथ्यावरचा काळ, तो सबंध त्यांचा कामाचा काळ. त्यांच्यापैकी एकीच्याही घरी मोटार नाही. वहीतले ते पंधरा दिवसांचे रंग पाहून झाल्यावर मी धसकटे पेटविण्याचे बंद करून ती खड्ड्यात कुजवावयास घातली, आणि कामाची वेळ पहाटे सहा ते अकरा अशी केली. शेजारचे एक शेतकरी बांधावर येऊन म्हणाले, “गुरुजी, तुमच्या एवढ्याशा धसकटानं आभाळ निवळणार हाय व्हय?” मी म्हणालो, नाही निवळणार. ते थोडा वेळ उभे राहिले, खड्ड्याकडे पाहिले, आणि बैल सोडावयाला निघून गेले.

पहिल्या दिवशी अकरा वाजता मी बायांना घरी जावयास सांगितले, तेव्हा कोणी उठेना. त्यांच्यातली जी वयाने मोठी होती तिने पदराने मान पुसली आणि विचारले, “गुरुजी, आकराला सोडलं तर हाजरी अर्धी का पुरी?”

“पुरी,” मी म्हणालो.

तिने विळा पोत्यात गुंडाळला, माझ्याकडे एकदा नीट पाहिले, आणि लिंबाखाली बसलेल्यांना हाक मारली, “उठा गं, पुरी म्हनत्यात.”